गुप्तरोगाची तपासणी नि औषधपाणी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी नेहमी विचारतात ते प्रश्न

मी बेळगावात एका लॅबमध्ये रक्त काढायचं नि तपासायचं काम करते, बरीच वर्षं झाली. या टेस्टसाठी येणारं माणूस चिठ्ठी पुढं सरकवतं, मागं कोण ओळखीचं उभं आहे का बघतं नि मग एकदम हळू आवाजात एकच प्रश्न विचारतं. त्या एका प्रश्नासाठी कितीतरी जण महिना-महिना थांबलेले असतात. ते प्रश्न इथं लिहून काढलेत. मी डॉक्टर नव्हे, औषध लिहून देणं माझं काम नाही, पण रिपोर्टात काय येतं नि उशीर झाल्यावर काय होतं ते रोज बघते.

लघवीला जळजळ होऊलालीय, हे तसलंच काहीतरी असेल का?

तसलंच असेल असं नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात शेतात, फाउंड्रीत, ट्रकवर काम करणाऱ्याला पाणी कमी पडलं की उन्हाळी लागते, बायकांना तर लघवीचं साधं इन्फेक्शन वरचेवर होतं, मुतखडा असला तरी जळजळतं. पण पुरुषाला जळजळीबरोबर लिंगाच्या तोंडातून पू येत असेल, चड्डीला पिवळट डाग पडत असतील नि दोन ते सात दिवसांपूर्वी संबंध आला असेल तर तो परमा, म्हणजे गोनोरिया, असू शकतो. पू कमी, पातळ पाण्यासारखं नि एक ते तीन आठवड्यांनी सुरू झालं असेल तर क्लॅमिडिया, तोही संबंधातूनच येणारा रोग. दोन्ही एकदमच असतात बऱ्याचदा, म्हणून डॉक्टर दोन्हीचं औषध एकत्र देतात. ताक, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, उन्हाळी असेल तर बरं वाटेल, परमा मात्र त्यानं जात नाही.

खाली एक फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप भरला. मग आता कशाला टेस्ट?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हाच प्रश्न विचारणाऱ्याची. न दुखणारा, कडक बुडाचा, स्वच्छ दिसणारा एकच चट्टा म्हणजे गरमीची, सिफिलिसची पहिली खूण. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, कधी दहाव्या दिवशी तर कधी तीन महिन्यांनी. आणि औषध न घेताच तीन ते सहा आठवड्यांत भरतो. माणसाला वाटतं हळद लावली, खोबरेल लावलं, बरं झालं. झालेलं काही नसतं, जंतू रक्तात गेलेला असतो.

मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं, खाजत नाही, तळहातावर नि तळपायावर तांबूस डाग येतात, तोंडात चट्टे, ताप, केस पुंजक्यानं गळतात. लोक म्हणतात पित्त उठलं, उष्णता झाली, नि सब्जा सुरू करतात. तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच होत नाही, माणूस अगदी ठणठणीत दिसतो नि रक्तात मात्र रोग असतो, नि काही जणांत दहा-वीस वर्षांनी हृदयाची मोठी रक्तवाहिनी, मेंदू धरतो. शिवाय डोळा, कान, मेंदू यांना त्रास अगदी सुरुवातीलासुद्धा होऊ शकतो, तेव्हा अंगावर डाग असताना नजर धुरकट झाली किंवा ऐकू कमी यायला लागलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. फोड गेला असला तरी टेस्ट कराच. गेला म्हणूनच करा.

रिपोर्टवर व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, 1:2 असं लिहिलंय. संपलं का सगळं?

नाही हो. व्हीडीआरएल म्हणजे काचपट्टीवर केलेली गरमीची साधी टेस्ट, रक्तातला पाण्यासारखा भाग नि औषधाचा थेंब एकत्र फिरवून गुठळ्या होतात का ते बघतो. मग ते रक्त दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत जातो, 1:2, 1:4, 1:8 असं, नि जिथपर्यंत गुठळ्या दिसतात तो आकडा लिहितो. 1:32 म्हणजे खूप पातळ केल्यावर पण दिसलं, म्हणजे जोर जास्त. पण 1:2 सारखा बारीक आकडा गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, संधिवाताच्या काही आजारांत गरमी नसताना पण येतो. आणि कधी जुन्या, उपचार झालेल्या रोगाचा उरलेला आकडा असतो. म्हणून दुसरी टेस्ट लागते, टीपीएचए. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर डॉक्टर बघून औषध देतात.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण यावरून घरात भांडणं झालेली मी पाहिलीत. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की औषध पूर्ण होऊन रोग गेला तरी बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. परदेशी जायच्या मेडिकलला, लग्नाआधीच्या तपासणीत ती परत दिसते नि लोक म्हणतात अजून रोग आहे. रोग गेला का नाही हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं, इंजेक्शनानंतर 3, 6, 12 महिन्यांनी परत करायची, आकडा चौपट खाली आला पाहिजे, म्हणजे 1:32 चा 1:8. त्यासाठी पहिला रिपोर्ट जपून ठेवा नि शक्यतो त्याच लॅबमध्ये परत करा. लाजेनं रिपोर्ट फाडून टाकणारे पुष्कळ आहेत, मग पुढच्या वेळी तुलना करायला काहीच नसतं.

काल संबंध आला, आज टेस्ट केली तर कळेल का?

नाही, आज केलेली टेस्ट आजच्या आधीचं सांगेल. प्रत्येक रोगाला रक्तात दिसायला वेळ लागतो. परम्याचा पू आला असेल तर तो लगेच स्लाइडवर बघता येतो. व्हीडीआरएल चट्टा आल्यावर पण एक ते चार आठवड्यांनी पॉझिटिव्ह होते, त्यामुळं नुकत्या आलेल्या चट्ट्यात ती निगेटिव्ह असू शकते नि डॉक्टर चट्टा बघूनच औषध देतात. एचआयव्हीची नवीन कॉम्बो टेस्ट बहुतेक जणांत दीड महिन्यात पकडते, तरी शेवटची टेस्ट तीन महिन्यांनी करून घ्यायची. काविळीच्या बी प्रकाराची पण तेव्हाच परत करा. मधल्या काळात कंडोम.

पण काल कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली असं असेल तर टेस्टची वाट बघत बसू नका. 72 तासांच्या आत एचआयव्ही न होण्यासाठी गोळ्या सुरू करता येतात, 28 दिवस घ्याव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, 72 तासांनंतर उपयोग नाही. थेट जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा नि स्पष्ट बोला. रविवार असला तरी जा.

मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं. बस ना?

बस नाही. दुकानात सांगितलं की जळजळतंय, ते सिप्रो देतात. आपल्या देशात परम्याचा जंतू त्या गोळीला केव्हाच सरावलाय, जळजळ थोडी कमी होते नि जंतू राहतो. मग आमच्याकडं येता तेव्हा अर्धवट औषधामुळं स्लाइडवर पण काही दिसत नाही, आणि आत नळीला सूज धरून लघवीची धार बारीक होते, अंडाला सूज येते, बायकांच्या गर्भनळ्या चिकटतात. मूल होत नाही म्हणून चार-पाच वर्षांनी फिरत येणारी जोडपी मी बघते, नि जुनं विचारलं की तेव्हा दोन गोळ्या खाल्ल्या होत्या एवढंच आठवत असतं.

आणि ती ट्यूब. खाजेवर चालणारी, तीन-चार औषधं एकात असलेली, शेजाऱ्यानं सांगितलेली. तिच्यात स्टेरॉइड असतं. जांघेतला नायटा सुद्धा तिनं दबतो नि दुप्पट पसरतो, चट्ट्याचं रूप असं बदलून जातं की चामडीच्या डॉक्टरला पण ओळखायला अवघड. डॉक्टरला दाखवायच्या आधी काहीही लावू नका, अगदी डेटॉल पण नको.

अंगावरून पांढरं जातंय, सगळ्याच बायकांना जातं म्हणतात

थोडं पांढरं, वास नसलेलं, पाळीच्या मधे किंवा आधी जाणं नेहमीचं आहे. दह्यासारखं, खाज सुटणारं बहुतेक बुरशीचं, त्याला नवऱ्याचा दोष लागत नाही, शुगर असलेल्या बायकांना, नुकत्या अँटीबायोटिक खाल्लेल्यांना ते होतंच. माशासारखा वास येणारं, राखाडी पातळ हे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यानं. फेसाळ, हिरवट-पिवळं, आग होणारं असलं तर ट्रायकोमोनास, हा मात्र संबंधातून येतो नि दोघांनी औषध घ्यायचं असतं.

खरी अडचण अशी की क्लॅमिडिया नि परमा बायकांमध्ये बऱ्याचदा काही त्रासच देत नाहीत. पांढरं पण नाही, आग पण नाही. म्हणून नवऱ्याला काही झालंय असं कळलं तर तुम्हाला काही होत नसलं तरी तपासून घ्या. निपाणीकडं विड्या वळायला दिवसभर बसणाऱ्या बायका, कंबर दुखतीय, ओटीपोट दुखतंय, बसून बसून होतं म्हणून अंगावर काढतात. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधावेळी आत दुखणं, मधेच रक्त दिसणं, हे गर्भाशयाकडं इन्फेक्शन चढल्याची खूण असू शकते, त्याला चौदा दिवसांचा कोर्स लागतो. आतून धुवायची सवय पण सोडा, साबण, पावडर, लिंबूपाणी काही नको, त्यानं जास्त बिघडतं.

पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला भीती वाटते, माणूस मरतं म्हणे

अॅलर्जी असणारे थोडे असतात, पण असतात, म्हणून ते इंजेक्शन तयारी असलेल्या ठिकाणी देतात, आधी विचारतात, कधी टेस्ट डोस देतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. याच भीतीनं काही खाजगी दवाखान्यात ते देतच नाहीत नि दुसऱ्या गोळ्या लिहितात. गोळ्यांचा मार्ग आहे, डॉक्सीसायक्लिन, पण सुरुवातीच्या गरमीवर पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एकच डोस काम करतो, ऐंशी वर्षांहून जुन्या या औषधाच्या ओळखीत हा जंतू अजून त्याला सरावला नाही. जुना रोग असेल तर आठवड्याला एक असे तीन. दोन्ही कुल्ल्यांवर देतात, दुखतं, दिवसभर लंगडायला होतं. त्याच रात्री थंडीताप भरला, अंग ठणकलं तर घाबरू नका, जंतू एकदम मरतात म्हणून होतं, एका दिवसात उतरतं. पण अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं झालं तर लगेच परत दवाखान्यात.

कुठं जायचं? ओळखीचं कोण भेटलं तर?

बेळगावात बिम्स, म्हणजे आपला सिव्हिल, तिथं चामडी नि गुप्तरोगाची ओपीडी आहे. सरकारी योजनेत अशा ठिकाणाला सुरक्षा क्लिनिक म्हणतात, सल्ला, तपासणी, औषध फुकट. खानापूर, चिक्कोडी, गोकाक, अथणी, सौंदत्ती इथल्या तालुका दवाखान्यात पण सुरुवात करता येते. एचआयव्हीची टेस्ट फुकट होते त्या खोलीवर आयसीटीसी लिहिलेलं असतं.

सरकारी दवाखान्यात लॅबच्या रिपोर्टसाठी न थांबवता तक्रारीवरून त्याच दिवशी औषध द्यायची पद्धत आहे. त्यासाठी रंगाची पाकिटं ठरलेली, पू येण्याला करडं, पांढरं जाण्याला हिरवं, चट्ट्याला पांढरं, पाण्याच्या फोडांना लाल, ओटीपोट दुखण्याला पिवळं, जांघेत बद, म्हणजे गाठ, आली तर काळं. लोकांना वाटतं न तपासता पाकीट हातात दिलं. तसं नाही, लांबच्या गावचा माणूस परत येईल का नाही सांगता येत नाही म्हणून ही पद्धत. रक्त मात्र त्याच दिवशी देऊन या, पाकिटात व्हीडीआरएलचा नि एचआयव्हीचा रिपोर्ट नसतो.

ओळखीचं भेटेल म्हणून निपाणीचे लोक कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात जातात, कागवाड-अथणीचे मिरजेला, खानापूरचे चोर्ला घाट उतरून गोव्यात काम करतात ते तिथंच दाखवतात. जा की, काही चूक नाही. फक्त एकच दवाखाना धरा, तीन राज्यांत तीन डॉक्टर नि तीन अर्धे कोर्स असं नको.

मला कन्नड येत नाही, सिस्टरला कसं सांगू?

सिव्हिलमध्ये मराठी समजणारी माणसं भरपूर आहेत, कौन्सेलरला हळू सांगा. तरी हे चार शब्द लक्षात ठेवा, लघवीची आग म्हणजे उरीमूत्र, पांढरं जाणं म्हणजे बिळी सेरगु, चट्टा किंवा फोड म्हणजे हुण्णु, खाज म्हणजे तुरिकी. गुप्तरोग दोन्ही भाषांत गुप्तरोगच. बोलायचं धाडस होत नसेल तर आधी 1097 ला फोन करा, एचआयव्ही नि या रोगांसाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

बायकोला सांगायलाच पाहिजे का?

हो. औषध तिला पण पाहिजे, नाहीतर तुम्ही बरे होता, तिच्याकडून परत घेता, नि मग म्हणता औषध लागू झालं नाही. तिला काही त्रास नसला तरी तिची तपासणी नि औषध एकाच वेळी, नि दोघांचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको. कसं सांगायचं हे मला कोणी विचारलं तर मी म्हणते, एकट्यानं रात्री घरात सांगू नका, कौन्सेलरसमोर बसवून सांगा, त्यांना तसं सांगायची सवय असते नि तिला पण प्रश्न विचारता येतात. एक नवरा गुपचूप तिच्या चहातून गोळी देतो म्हणाला होता. तिला कसली अॅलर्जी आहे, पोटात मूल आहे का, काही न बघता. असं कधीही करू नका.

एचआयव्हीचा रिपोर्ट गावात फुटेल का?

2017 चा कायदा आहे, तुमच्या संमतीशिवाय टेस्ट नाही नि रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. कुणी नोकरीवरून काढलं, दवाखान्यात उपचार नाकारले तरी तो कायदा तुमच्या बाजूनं आहे. पॉझिटिव्ह आलं तर एकाच टेस्टवर ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन टेस्ट करतात. औषध 2004 पासून सरकारी सेंटरात फुकट आहे, आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी. नियमानं घेऊन व्हायरस मोजता येणार नाही इतका कमी राहिला तर संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला गेलात तर सेंटर बदलून घेता येतं, त्यासाठी गोळ्या थांबवू नका.

पोटात मूल आहे, तायी कार्डवर (गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कार्डवर) या टेस्टांचं का लिहिलंय?

कारण आईला गरमी असेल नि औषध झालं नाही तर मूल पोटातच जाऊ शकतं, नाहीतर रोग घेऊन जन्मतं, नि वेळेवर घेतलेल्या इंजेक्शनानं ते टळतं. पहिल्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, तिन्ही करून घ्या, आठव्या महिन्यापर्यंत थांबू नका. गरोदरपणात गरमीवर पेनिसिलिनच लागतं, डॉक्सीसायक्लिन या दिवसांत घ्यायचं नाही. सासूला टेस्टचं नाव आवडत नाही म्हणून टाळणाऱ्या पोरी येतात, त्यांना मी सांगते, ही सगळ्यांची होते, कलेक्टरच्या बायकोची पण.

बारीक पाण्याचे फोड परत परत येतात, पूर्ण बरं करणारं औषध सांगा

हर्पिस असेल. तो व्हायरस मज्जातंतूत जाऊन बसतो, मुळासकट काढणारं औषध अजून नाही. असायक्लोव्हिर लवकर सुरू केलं तर फोड लवकर सुकतात, फार वरचेवर येत असतील तर डॉक्टर रोजची कमी डोसाची गोळी देतात. मुळासकट बरं करतो म्हणून लॉजवर महिन्याला एकदा खोली घेऊन बसणाऱ्यांना पैसे देऊ नका. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे मस असतील तर ते एचपीव्ही, जाळून किंवा औषध लावून काढतात, परत येऊ शकतात. याच व्हायरसचे दुसरे प्रकार, 16 नि 18, बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करतात. मुलींना 9 ते 14 वयात लस द्या, पुण्याच्या सीरमची पण आलीय. आणि तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या.

ही आजारं धंदेवाल्या बायकांमुळंच येतात ना?

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. सौंदत्तीच्या डोंगरावर पोरी देवदासी म्हणून देवीला सोडल्या जायच्या, 1982 ला कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्या बायकांना रोग कुणी दिला हे कोण विचारत नाही. आणि धंद्यातल्या ज्या बायका संस्थांशी जोडलेल्या आहेत त्यांना दर सहा महिन्यांनी तपासायची पद्धत आहे. आमच्या बाकड्यावर उशिरा येऊन बसतात त्या बहुतेक घरातल्या बायका, एकाच माणसाबरोबर राहिलेल्या.

सार्वजनिक संडासातून होतं का? एकाच टॉवेलानं?

संडासातून नाही. टॉवेल, कपडे, अंथरुणातून खरूज नि उवा येऊ शकतात, त्याला सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध लावायचं नि कपडे गरम पाण्यात धुवायचे.

लघवीतून धातू जाते, अशक्तपणा आलाय

तो गुप्तरोग नाही, झोपेत वीर्य जाणं पण रोग नाही. थकवा असेल तर हिमोग्लोबिन नि शुगर तपासा, पैसे तिथं घाला.

टेस्टला येताना काय करून येऊ?

पू येत असेल तर दोन तास लघवी न करता या, सकाळी लवकर आलात तर बरं. व्हीडीआरएल नि एचआयव्हीला उपाशी यायची गरज नाही. पांढरं जाण्याची तपासणी पाळी चालू असताना नको, नि आदल्या दिवशी आत काही गोळी ठेवू नका. आधी खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं नि लावलेली ट्यूब बरोबर आणा, नाव आठवत नाही म्हणून सगळेच अडकतात. काउंटरवर तोंडानं सांगायला जमत नसेल तर मोबाइलवर मराठीत टाइप करून स्क्रीन पुढं करा, आम्ही वाचून घेतो.